मालवणचा रिकामा अर्धा तास

कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी सहाला मालवणची गाडी लागली, तेव्हा कंडक्टरने माझ्या हातातल्या चार पुडांच्या डब्याकडे पाहून विचारलं, "मालवणला चाललाय आणि जेवण घरनं नेताय व्हय?"

डब्यात जेवण नव्हतं. फिल्मचे तीस रोल होते. मे महिन्यात कोकणात उतरायचं म्हणजे रोल उन्हापासून जपावे लागतात, आणि स्टीलच्या डब्याला ओलं फडकं गुंडाळलं की तो आतून गार राहतो, ही युक्ती मला वडिलांनी शिकवलेली. त्यांच्या पश्चात स्टुडिओ मी चालवायला घेतला त्याला तेव्हा, दोन हजार चार साली, नऊ वर्षं झाली होती. बाई लग्नाचे फोटो काढते याचं लोकांना वाटणारं नवल एव्हाना निम्म्यावर आलं होतं. उरलेलं निम्मं मी दर लग्नात नव्याने सोसायची.

गगनबावड्याला गाडी थांबली. पानाच्या द्रोणातून करवंदं घेतली आणि करूळचा घाट उतरेपर्यंत संपवली. शेजारी ओरोसच्या सरकारी कचेरीत काम करणारे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी डबा, पिशव्या आणि मला नीट पाहून घेतलं.

"एकट्याच?"

"एकटीच."

"लग्न कधी आहे?"

"रविवारी."

"आज तर गुरुवार! तीन दिवस आधी जाऊन काय करणार?"

"गप्पा मारणार," मी म्हटलं. त्यांना ती थट्टा वाटली. कसालला उतरताना, "मग मारा गप्पा," असं म्हणून हसत गेले.

पण ती थट्टा नव्हती. धंद्याच्या पहिल्याच वर्षी मी सांगलीकडच्या एका लग्नात चारशे फोटो काढले होते. अल्बम उघडून घरातली माणसं वाहवा करत होती आणि नवरदेव मात्र पानं उलटीपालटी करत काहीतरी शोधत होता. ज्या आत्याने त्याला लहानाचा मोठा केला, ती चारशेपैकी एकाही फोटोत नव्हती. ती तीन दिवस चुलीशी होती. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. त्या पोराचं तोंड अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली. लग्नाआधी दोन्ही घरी जायचं, प्रत्येकाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारायचा: कोणता फोटो नसेल तर हा अल्बम तुमच्या दृष्टीने फुकट? उत्तर वहीत लिहायचं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला सांगायचं नाही. माणसं खरं बोलतात ती या एका अटीवर. हट्टीपणा म्हणा, पण ती अट मी कधी मोडलेली नाही.

या लग्नातला मुलगा अमेय पुण्याचा. त्याच्या घरी मी पंधरा दिवसांपूर्वी जाऊन आले होते. त्याची आई सुधाताई, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी चष्मा पुसला. "स्टेजवर रांगेत उभं राहून काढलेला फोटो मला नको. विहीणबाई आणि मी एकत्र, काहीतरी करताना. काय करताना ते मला माहीत नाही. आमची अजून ओळखच कुठे झालीय? त्या माझ्याशी बोलताना इतकं जपून बोलतात की मलाच परकं वाटतं." मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

मालवणला उतरले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि अंगातला ब्लाउज पिळावा इतका ओला झाला होता. रिक्षावाल्याने विचारलं, "खंय जावचा आसा?" मी पत्ता काढेपर्यंत त्यानेच पिशव्या उचलल्या. "शालनकडे ना? वृषालीच्या लग्नाक? मगे बसा. पत्तो कित्याक व्हयो?"

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव अर्धा घातलेला होता, आणि कुंपणावर जाळं वाळत होतं. वृषालीचे वडील होडीवर जाणारे, बोलायला अगदी कमी. त्यांनी माझ्याकडे, मग डब्याकडे पाहिलं आणि "येवा" एवढं म्हणून ते मांडवाच्या दोऱ्या आवळायला गेले. आतून शालनताई पदराला हात पुसत आल्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"तूच काय गो ती फोटोवाली? माका वाटला कोण पुरुष येतलो. बरा झाला. आधी जेव, मगे काय ता बोल."

उकडा भात, बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट दाटसर कालवण) आणि सोलकढी. शालनताई मालवणच्या बाजारात मासे विकतात हे मला ठाऊक होतं, पण त्यांच्या हातचं तिखलं जेवेपर्यंत मासा ताजा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. तीन वाट्या सोलकढी प्यायले. चौथी त्यांनी न विचारता ओतली.

दुपारी पुणेकर मंडळींच्या हॉटेलवर गेले, ते लग्नाच्या व्यवस्थापकाला भेटायला. तेव्हा हा धंदा नवा होता. पुण्यात त्याची सुरुवात झाली होती, मालवणात कोणी असा माणूस पाहिला नव्हता. मांडववाला, आचारी, भटजी, बँड या सगळ्यांच्या वर एक माणूस असतो आणि तो स्वतः काहीच करत नाही, हे इथल्या लोकांना पटत नव्हतं. कौस्तुभ नाव त्याचं. तिशीचा, गळ्यात शिट्टी, हातात प्लॅस्टिकचं आवरण घातलेला मोठा कागद. त्यावर चार दिवसांचा मिनिटामिनिटाचा हिशेब होता.

"मॅडम, समुद्रावर जोडप्याचे फोटो शनिवारी सव्वापाच ते साडेसहा. अल्बमचं कव्हर त्यातूनच निघेल."

"चालेल. मला एक तास द्या."

"कशासाठी?"

"रिकामा. त्यात काही ठेवायचं नाही. दोन्ही घरची माणसं मोकळी हवीत."

"पण त्यात होणार काय?"

"माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला नाव दिलं असतं."

त्याने कागदाकडे असं पाहिलं की जणू मी त्याला उभ्या भिंतीतली वीट काढून द्यायला सांगितली होती. अर्धा तास आमची जुंपली. माणूस वाईट नव्हता. त्याचंही बरोबर होतं, पुण्याहून साठ माणसं आणायची तर वेळ पाळावीच लागते. पण माझा अनुभव असा की व्यवस्थापकाशी पहिल्या दिवशी भांडण झालं तर पुढचे दिवस सुखाचे जातात, आणि पहिल्या दिवशी गोड बोललो तर ऐन मंगलाष्टकांच्या वेळी तो आपल्याला खांद्याला धरून बाजूला करतो. मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी त्याने सोमवारी सकाळी साडेसात ते आठ अशी जागा काढली. "अर्धाच तास. आठला दोन्ही कुटुंबांचा किनाऱ्यावर फोटो आहे, तेव्हा सगळे हजर पाहिजेत." त्याने पेनाने लिहिलं: रिकामे. लिहिताना त्याच्या हाताला त्रास होत होता हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली. वृषाली न्हाऊन मागच्या पडवीत केस वाळवत बसली होती. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, बोलणं नेमकं. तिला उत्तर शोधावं लागलं नाही.

"आईचा आणि माझा. बाजारात, तिच्या जागेवर. तिच्या मागे पालथ्या खोक्यावर बसून मी पहिलीपासून अभ्यास केलाय. बेरीज-वजाबाकी मी गिऱ्हाइकांच्या सुट्ट्या पैशांवर शिकले. तो फोटो नसेल तर बाकीचे कोणाचेही असू शकतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आई तयार होणार नाही. तुम्ही काहीतरी करा."

मी लिहिलं. मनातल्या मनात प्रकाश, जागा, लेन्स सगळं ठरवूनही टाकलं. मग स्वयंपाकघरात शालनताईंकडे गेले. त्या सोलं (आमसुलं) भिजत घालत होत्या. प्रश्न ऐकून त्यांनी हात थांबवले.

"कसो फोटो व्हयो ता माहीत नाय. कसो नको ता सांगतंय. बाजारातलो नको."

मी शेजारच्या पानावर लिहिलं.

"माका कामाची लाज नाय हां. तीस वर्सा बसतंय मी थय. पण वृषाली शाळेत होती तेव्हा पालकांच्या सभेक बोलवायचे. मी लिंबान कोपरापर्यंत हात घासून, लुगडा बदलून जायचंय. खिडकेकडे उभी रवायचंय, वारो येता थय. तरी एक दिवस पुढच्या बाईन नाकाक पदर लावलो. वृषालीन बघल्यान. काय बोलाक नाय ती, पण बघल्यान. ह्यो आल्बम पुण्याक जातलो. थयली माणसा बघतली. माज्या चेडवाक (मुलीला) कोणी नाकाक पदर लावता कामा नये."

"बरं," मी म्हटलं.

"नुसता बरा नको. कॅमेऱ्यार हात ठेव आणि सांग."

मी कॅमेरा पिशवीतून काढला, त्यावर हात ठेवला आणि सांगितलं, बाजारात तुमचा फोटो काढणार नाही.

म्हणजे झालं असं की माझ्या वहीत समोरासमोरच्या पानांवर लेकीला हवा होता तोच फोटो आईला नको होता, आणि सासूबाईंना जी मोकळी विहीण हवी होती ती भेटली असती तर त्याच बाजारात. एकीचं दुसरीला सांगून टाकलं असतं तर दहा मिनिटांत सगळं सुटलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण शालनताईंनी लिंबाची गोष्ट मला सांगितली होती, वृषालीला नाही. ती माझ्याकडे ठेवायला दिलेली वस्तू होती. मी वही मिटली.

शुक्रवारी दुपारी चुडा भरला. कासारीणबाईने अंगणात पथारी मांडली, घरातल्या सगळ्या बायकांनी हातभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या आणि मलाही सोडलं नाही. त्यानंतर तीन दिवस कॅमेऱ्याचं बटण दाबताना माझा हात वाजत होता. शनिवारी हळद. त्याच संध्याकाळी कौस्तुभचा समुद्रावरचा कार्यक्रम होता, पण शालनताईंनी हळद लागलेल्या मुलीला घराबाहेर पाठवायला साफ नकार दिला.

"पण कागदावर आहे!" कौस्तुभ म्हणाला.

"कागदार आसा तर कागद घेवन जा समुद्रार," शालनताई म्हणाल्या.

तो खरंच गेला, नुसती जागा तरी बघून ठेवू म्हणून. भरतीची वेळ त्याच्या कागदावर नव्हती. परत आला तेव्हा पँट मांडीपर्यंत ओली होती आणि कागदाच्या आवरणात वाळू शिरली होती. मी हसले नाही, कारण तो कार्यक्रम माझाही गेला होता. त्याला चहा दिला आणि आम्ही दोघांनी बसून जोडप्याचे फोटो लग्नानंतरच्या संध्याकाळी ढकलले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

रविवारी लग्न छान लागलं. शालनताईंनी जांभळ्या पैठणीत, नाकात नथ घालून, खुर्चीवर बसून फोटो काढून घेतला. फोटो देखणा आला असणार हे मला काढतानाच कळलं. पण त्यात शालनताई नव्हत्या. त्या जागी पैठणी नेसलेली, श्वास रोखून धरलेली एक बाई होती. शेजारी सुधाताई उभ्या होत्या, आणि दोन विहिणींच्या मध्ये एक माणूस सहज मावेल इतकी जागा होती. वृषाली स्टेजवरून माझ्याकडे पाहत होती. मी तिची नजर चुकवली. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

सोमवारी पाचपरतावण होतं, म्हणजे लग्नानंतर मुलीने सासरच्या माणसांसह माहेरी जेवायला यायचं. पाच दिवस थांबायला पुणेकरांना वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्याच दिवशी. लग्नातलं जेवण गोडाचं, या दिवशीचं माशांचं. सकाळी सातला मी कॅमेरा घेऊन हॉटेलवर पोचले. साडेसात झाले. माझा रिकामा अर्धा तास सुरू झाला आणि शालनताईंचा पत्ता नव्हता. वृषालीचे वडील नातेवाइकांना घेऊन आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "ती इसवण आणूक गेली हा." (इसवण म्हणजे सुरमई.) व्याह्यांच्या पानात पडणारा मासा दुसऱ्या कोणी निवडायचा हे शालनताईंना चालण्यासारखं नव्हतं.

कौस्तुभने घड्याळावर बोट आपटलं. "आठचा फोटो! मॅडम, तुम्ही जाऊन आणता का त्यांना?"

"आणते," मी म्हटलं, आणि मागून सुधाताई बोलल्या, "चला, मीही येते."

"तुम्ही कशाला? मी पटकन जाऊन येते."

"मग मी इथे बसून काय करू? समुद्र काही पळून जात नाही."

मी खूप प्रयत्न केला. ऊन आहे म्हटलं, लांब आहे म्हटलं, तिथे चिखल असतो म्हटलं. खरं कारण सांगता येत नव्हतं. मग मी भराभर चालायला लागले, म्हणजे आधी पोचून शालनताईंना सावध करता येईल. सुधाताई रोज पर्वती चढणाऱ्या. बाजाराच्या तोंडाशी मला धाप लागली होती आणि त्या माझ्या दोन पावलं पुढे होत्या.

शालनताई आपल्या जागेवर होत्या. लिलावातून आणलेली हातभर लांब इसवण समोर, पायाखाली विळी, जुनं पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या. तुकडे आपल्याच मापाने पडायला हवेत म्हणून मासा त्या स्वतःच कापायला बसल्या होत्या. हात मनगटापर्यंत लाल. वर पाहिलं तर समोर विहीण.

त्यांनी हात पाठीमागे घेतले. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला लागली. तू सांगितलंस, असं त्या नजरेत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान हलवली, नाही म्हणून, पण मान हलवण्याने काय होतं? कॅमेरा पिशवीत होता, पिशवीची चेन बंद होती. मी चेनवर हात ठेवून उभी राहिले.

"तुम्ही कशाला आलात इथे? मी येतच होते," शालनताई शाळेच्या सभेतलं मराठी बोलल्या. "इकडे ओलं आहे. साडी खराब होईल."

"होऊ दे," सुधाताई म्हणाल्या आणि पदर कमरेला खोचून पालथ्या खोक्यावर बसल्या. वृषालीच्याच खोक्यावर, पण ते त्यांना माहीत नव्हतं. "उठू नका तुम्ही. मला एक सांगा. मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण मासे आणायला गेले की मला कोणीही शिळं देतं. अमेय एक घास खाऊन ताट सरकवतो. आता घरात तुमची मुलगी येणार. तिच्यासमोर मी काय ठेवू? ताजा मासा ओळखायचा कसा?"

शालनताईंनी हात पाठीमागेच ठेवले.

"सांगा ना. मला खरंच येत नाही." आणि सुधाताईंनी शेजारच्या पाटीतल्या एका माशाच्या डोळ्यात बोट घातलं.

"अगो बाई, थय नाय!" शालनताईंचं सभेतलं मराठी तिथेच संपलं. पाठीमागचे हात पुढे आले, त्यांनी सुधाताईंचं मनगट धरलं आणि बोट माशाच्या कल्ल्याखाली नेलं. "ह्यां उचला. काय दिसता? तांबडालाल आसा मा? मगे ताजो. काळपट दिसलो की घेव नको, फुकट दिल्यान तरी घेव नको. आता हय दाबा पोटार. रुतला काय बोट?"

"नाही."

"बरो. आता ह्यो बघा." त्यांनी दुसरा मासा पुढे ओढला. शेजारणीच्या पाटीतला होता. "ह्यो कालचो."

"काय गो शालन, माजा गिऱ्हाईक मोडतंस?" शेजारीण ओरडली.

"गिऱ्हाईक नाय गो, विहीण आसा माजी!" शालनताई ओरडल्या, आणि आपण काय बोललो हे कळून हसल्या. सुधाताईही हसायला लागल्या. दोघींची डोकी त्या माशावर वाकली. छपराच्या फटीतून येणारं ऊन बरोबर त्यांच्या हातांवर पडलं होतं. सुधाताईंनी बोटं नाकाशी नेली. "याचा वास जातो का हो?"

शालनताईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. "लिंबान जाता. सगळो नाय."

"मग राहू दे," सुधाताई म्हणाल्या आणि पुढचा मासा ओढला.

एवढ्यात रिक्षा थांबली. आठ वाजून गेलेले पाहून कौस्तुभ स्वतःच आला होता, वृषालीला घेऊन. वृषाली समोरचं दृश्य पाहून होती तिथेच उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन दात आवळून म्हणाली, "काढा ना! बघत काय बसलात?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"काढता येणार नाही मला."

"मॅडम, हा गेला तर परत मिळणार नाही," कौस्तुभही कुजबुजला. त्याच्या हातातला कागद चक्क गुंडाळलेला होता.

मला कळत नव्हतं असं त्यांना वाटत होतं? वीस वर्षं आधी वडिलांच्या डार्करूममध्ये ज्या फोटोची स्वप्नं बघितली तो समोर बसून मासे दाबत होता. हात शिवशिवत होते. पण कॅमेऱ्यावर हात ठेवून मी शब्द दिला होता, आणि तो सोयीचा असेपर्यंतच पाळायचा असेल तर ती वही फाडून टाकलेली बरी. मी चेनवरचा हात काढला नाही. वृषालीचे डोळे भरून आले. तिने माझ्याकडे पाठ फिरवली.

शालनताईंनी मान वर केली. लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बंद पिशवीकडे.

"काढलंस नाय तू?"

"नाही."

"एक पण?"

"एकही नाही. तुम्ही नको म्हणाला होतात. यांनाही मी आणलं नाही, त्या आपणहून आल्या."

"काय हट्टी बायल गो तू!" त्या म्हणाल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी एक लिंबू काढलं, अर्धं चिरूनच ठेवलेलं. हातावर घासणार तोच वृषालीने पुढे होऊन ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"नको आई. असेच ऱ्हवांदेत."

"वास येतलो गो."

"येवंदे."

शालनताई लेकीकडे बघत राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं, आता उठतील आणि घरी चला म्हणतील. मग त्यांनी सुधाताईंना सरकायला सांगितलं, खोक्याच्या अर्ध्या भागावर लेकीला बसवलं, नव्या कोऱ्या साडीतल्या, मुंडावळ्यांचा लाल दोरा कपाळावर तसाच असलेल्या लेकीला. आणि इसवणीचं डोकं तिघींच्याही हातांत येईल असं धरून म्हणाल्या, "बघतंस काय आता? काढ. माका दुसरी कामा आसत."

रोलमध्ये सात फोटो शिल्लक होते. सातही काढले. प्रत्येक वेळी हातातला चुडा वाजला.

किनाऱ्यावरचा आठचा फोटो साडेनऊला निघाला. कौस्तुभ एक शब्द बोलला नाही. त्याने कागदावर साडेसात ते आठ खोडून साडेसात ते साडेनऊ केलं, एवढंच.

दुपारच्या गाडीने निघाले. शालनताई स्टँडवर आल्या. रोल पिशवीत हलवून रिकामा केलेला माझा डबा त्यांनी आधीच मागून घेतला होता, तो भरून आणला: इसवणीच्या तळलेल्या तुकड्या आणि भाकऱ्या. वर एक लिंबू. "हात धुवूक. गाडीत माणसा नाका मुरडतत."

कंडक्टर योगायोगाने सकाळचाच निघाला, म्हणजे गुरुवार सकाळचा. डबा हुंगून म्हणाला, "आता बरोबर!" घाट चढताना मी खिडकीशी बसून बोटांनी जेवले. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. बघू दे. लिंबू मी वापरलं नाही. स्टुडिओच्या खणात ते पुढे कितीतरी दिवस होतं, सुकून खडखडीत होईपर्यंत.

त्या प्रवासाने माझी वही बदलली. आता मी दोन प्रश्न विचारते, आणि आधी दुसरा: कोणता फोटो मुळीच काढायचा नाही? खूप जण म्हणतात, असं काही नाही. मी थांबते. थांबलं की येतं. आणि ते पाळायचं म्हणजे समोर काहीही येवो, पाळायचं. ज्याला नाही म्हणायची मुभा आहे, त्याच्याच हो म्हणण्याला अर्थ असतो, हे मला मालवणच्या बाजारात उभं राहून कळलं. रिकामा वेळ मागायचं मात्र सोडलेलं नाही. त्यावरून भांडणंही तशीच होतात.

पंधरा दिवसांनी प्रिंट हातात आल्यावर मी शालनताईंच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. त्यांना बोलावून आणेपर्यंत पलीकडून बाजाराचा गलका ऐकू येत होता.

"कसो इलो गो फोटो?"

"चांगला आलाय."

"चांगलो म्हणजे? वास येता काय?"

मी प्रिंटकडे पाहिलं. तीन बायका, सहा लाल हात.

"येतो," मी म्हटलं.

 मग त्या मोठ्याने हसल्या.

"मगे बरो इलो," म्हणाल्या आणि गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून फोन ठेवला.